खटल्याआधीचा निकाल

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने कमांडर कावस माणेकशा नानावटी यांना निर्दोष ठरविले. नानावटी हे भारतीय नौदलातील नावाजलेले अधिकारी होते. पत्नीने आपल्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यानंतर त्यांनी पत्नीला व मुलांना चित्रपटगृहापाशी सोडले, जहाजावर जाऊन खोट्या कारणाने रिव्हॉल्व्हर व काडतुसे मिळविली, प्रेम आहुजा यांच्या कचेरीत चौकशी केली आणि मग त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर ते स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. ही घटना २७ एप्रिल १९५९ ची. गोळ्या झाडल्या गेल्या याविषयी वाद नव्हता. वाद होता तो इतकाच, की झटापटीत रिव्हॉल्व्हर उडाले की ठरवून केलेली ही हत्या होती. या नेमक्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ज्युरी बसविली होती.

परंतु ज्युरी बसण्यापूर्वीच शहरात या प्रश्नाचे उत्तर ठरून गेले होते. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या इंग्रजी साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली होती. एकीकडे देशसेवेत समुद्रावर असलेला, निष्कपट, फसविला गेलेला अधिकारी आणि दुसरीकडे श्रीमंत, विलासी, परस्त्रीला नादी लावणारा व्यापारी, अशी दोन चित्रे आठवड्यामागून आठवडे वाचकांसमोर मांडली गेली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात असे, असे त्या काळाविषयी सांगतात. न्यायालयाबाहेर गर्दी जमे आणि आरोपीचा जयजयकार होई. या साऱ्यात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली नाही. दोन चित्रांपैकी एक चित्र ज्याचे होते, तो माणूस मेलेला होता. त्याला आपली बाजू मांडता येणार नव्हती. आरोपीसाठी उभारलेल्या त्या छापील न्यायालयात मृताला वकील नव्हता.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना ज्युरीचा निर्णय कोणाही समंजस माणसाला पटण्यासारखा वाटला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयात अपील प्रलंबित असताना असा आदेश अमलात राहू शकत नाही, असे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला सांगावे लागले. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. कबुलीपासून गोळीबारापर्यंत गेलेला वेळ मन ताळ्यावर येण्यास पुरेसा होता, असा त्या निकालाचा आशय. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

या एका खटल्यावरून सारा दोष वृत्तपत्रांच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. ज्युरीला कायदा समजावून सांगताना सत्र न्यायाधीशांकडूनच गंभीर त्रुटी राहिल्या होत्या, असे वरिष्ठ न्यायालयांना आढळले. पुरावा सिद्ध करण्याची जबाबदारी कोणत्या मुद्द्यावर कोणाची, हेच त्या नऊ जणांना नीट सांगितले गेले नव्हते. त्याचप्रमाणे या खटल्यामुळे भारतातील ज्युरीपद्धती बंद पडली, हे सर्रास सांगितले जाणारे विधानही अर्धसत्य आहे. ही पद्धती मोडीत काढावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालातच केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही व १ एप्रिल १९७४ पासून ती संहिता लागू झाली. नानावटी खटल्याने केले ते इतकेच, की छापील शब्द न्यायदानाच्या दारापर्यंत किती सहजतेने पोहोचतो, हे साऱ्या देशाला दाखवून दिले.

ज्युरी गेली, प्रश्न राहिला

ज्युरी गेल्यावर हा प्रश्न संपला, असे मानणारा एक मोठा वर्ग आहे. न्यायाधीश हे कायद्याचे शिक्षण घेतलेले, अनुभवी व शपथबद्ध असतात. वर्तमानपत्रातील मथळ्यांनी ते विचलित होतील अशी शंका घेणे हाच त्यांचा अवमान आहे, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याचा खटला याचे उत्तम उदाहरण ठरेल. इतका गाजलेला, इतक्या संतापाच्या वातावरणात चाललेला खटला या शहराने क्वचितच पाहिला असेल. तरीही न्या. एम. एल. टहलियानी यांच्या विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये अजमल कसाबला दोषी ठरवितानाच, त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. तो निर्णय उच्च न्यायालयाने आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम केला. न्यायाधीशाचे मन लोकक्षोभापासून अलिप्त राहू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

पण याच खटल्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आरोपीचे वकीलपत्र घेण्यास वकील मिळेना. न्यायालयाने ज्यांची नेमणूक केली त्या वकील महिलेच्या घरासमोर निदर्शने झाली. पुढे निर्दोष ठरलेल्या दोघांपैकी एकाचा बचाव करणारे तरुण वकील शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कचेरीत गोळ्या घालून हत्या झाली. आपला अशील निर्दोष सुटल्याचे पाहण्यास ते हयात नव्हते. अशा हत्येचे खापर कोणत्याही बातमीवर फोडता येणार नाही. परंतु आरोपी म्हणजे गुन्हेगार आणि त्याचा वकील म्हणजे गुन्हेगाराचा साथीदार, हे समीकरण समाजात रुजले की बचावाचे काम धोक्याचे होते, एवढे तरी मान्य करावेच लागेल. ठिकठिकाणच्या वकील संघटनांनी अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव केले, तेव्हा असे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली स्पष्ट करावे लागले.

न्याय्य खटला केवळ न्यायाधीशाच्या मनात घडत नसतो, हाच येथील मुद्दा आहे. तो साक्षीदारांच्या स्मृतीवर, पोलिसांच्या तपासावर, सरकारी वकिलाच्या विवेकावर आणि बचावाच्या वकिलाच्या निर्भयतेवर उभा असतो. न्यायाधीश कितीही अविचल असला, तरी त्याच्यासमोर येणारा पुरावाच जर आधी डागाळला असेल तर त्याने करावे काय?

ओळख परेडीचेच उदाहरण घ्या. अनोळखी गुन्हेगाराला ज्याने क्षणभर पाहिले, अशा साक्षीदारासमोर सारख्या वयाची व बांध्याची माणसे उभी करून त्यातून आरोपी ओळखण्यास सांगतात. या परेडीचे सारे मोल साक्षीदाराने आरोपीला मधल्या काळात पाहिलेले नसावे या अटीवर अवलंबून असते. आरोपीचे छायाचित्र सकाळच्या अंकात तीन स्तंभांत छापले गेले किंवा दूरचित्रवाणीवर दिवसभर फिरत राहिले, म्हणजे ही अट मोडली. साक्षीदार मग गुन्ह्याच्या वेळी पाहिलेला चेहरा ओळखतो की वर्तमानपत्रातला, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. याचा तोटा दोन्ही बाजूंनी संभवतो. आरोपी निरपराध असेल तर तो अडकतो. तो खरोखर अपराधी असेल तर त्याच छायाचित्राचा आधार घेऊन त्याचा वकील ओळख परेड निकालात काढतो. वृत्तपत्राच्या उतावळेपणाने फिर्यादी पक्षाचीही हानी होते, ही गोष्ट ‘नराधमाला फाशी द्या’ असे मथळे देणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

‘पोलिसी खाक्या दाखवताच’

मराठी गुन्हेवृत्ताची स्वतःची अशी एक भाषा बनून गेली आहे. आरोपीच्या ‘मुसक्या आवळल्या’ जातात. तो पहिल्याच गुन्ह्यात सापडला असला तरी ‘सराईत’ होतो. आणि ‘पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य तर इतक्या वेळा छापले गेले आहे, की वाचकाचे डोळे त्यावरून नुसते घसरत जातात. या वाक्याचा अर्थ काय? पोलीस कोठडीतील माणसाला धाक किंवा मार दिला गेला आणि त्यानंतर त्याने गुन्हा कबूल केला, असाच त्याचा सरळ अर्थ आहे. असा धाक देणे बेकायदा आहे आणि त्यातून मिळालेली कबुली न्यायालयात कवडीमोलाची आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. मोक्कासारख्या काही विशेष कायद्यांचा अपवाद सोडला, तर साऱ्या फौजदारी न्यायव्यवस्थेचा हा पाया आहे.

जी गोष्ट न्यायाधीशाच्या कानावर पुरावा म्हणून घालण्यास कायद्याची बंदी आहे, तीच गोष्ट लाखो वाचकांच्या घरी सकाळी चहाबरोबर पोहोचते. पुढे न्यायालयाने आरोपीला सोडले की वाचकाला वाटते, कबुली दिलेला माणूस सुटला, म्हणजे कायदा लंगडा आहे किंवा न्यायालय विकले गेले आहे. ती कबुली कबुली नव्हतीच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा रीतीने एका सवयीच्या वाक्याने आरोपीची प्रतिष्ठा आणि न्यायसंस्थेवरील विश्वास या दोहोंना तडा जातो.

नोएडा येथे मे २००८ मध्ये एका शाळकरी मुलीची व घरगड्याची हत्या झाली. त्यानंतर जे घडले ते या साऱ्याचे टोकाचे रूप होते. पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेऊन मृत मुलीच्या चारित्र्याविषयी व तिच्या आईवडिलांविषयी तर्क मांडले आणि वाहिन्यांनी त्या तर्कांची नाट्ये करून दाखविली. सीबीआयने २०१० साली पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. न्यायालयाने तो न स्वीकारता खटला चालविला. २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली आणि १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. सत्य काय होते हे कदाचित कधीच कळणार नाही. परंतु ज्या मुलीला उत्तर देता येत नव्हते तिच्या चारित्र्याची जी चर्चा देशभर झाली, ती कोणत्याही निकालाने मागे घेता आलेली नाही. आहुजा यांच्यानंतर अर्धशतकाने पुन्हा एकदा मृताचाच खटला चालला होता.

कायद्यातील फट

याबाबत कायदा अगदीच मुका आहे असे नाही. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदात न्यायालयाचा अवमान हे त्या स्वातंत्र्यावरील वाजवी निर्बंधाचे एक कारण म्हणून नमूद केले आहे. एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात न्याय्य खटल्याचा हक्क अंतर्भूत आहे. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार प्रलंबित खटल्यात अडथळा आणणारा मजकूर प्रसिद्ध करणे हा अवमान ठरू शकतो. अडचण आहे ती ‘प्रलंबित’ या शब्दाच्या व्याख्येत. फौजदारी प्रकरणात आरोपपत्र दाखल झाले किंवा न्यायालयाने समन्स वा वॉरंट काढले म्हणजे प्रकरण प्रलंबित झाले, असे हा कायदा मानतो. अटकेपासून आरोपपत्रापर्यंत साठ किंवा नव्वद दिवस सहज जातात. बातम्यांचा पूर येतो तो नेमका याच दिवसांत. म्हणजे पावसाळा संपल्यावर छत्री हाती द्यावी, असा हा प्रकार झाला.

ही फट बुजविण्याची सूचना नवी नाही. अटक झाली की न्यायालयीन कारवाई समोर येऊन ठेपली असे मानावे, असा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ए. के. गोपालन यांच्या प्रकरणात घेतला होता. १९७१ च्या कायद्याने तो मागे पडला. विधी आयोगाने २००६ मधील आपल्या दोनशेव्या अहवालात अटकेच्या दिवसापासूनच संरक्षण सुरू व्हावे, अशी स्पष्ट शिफारस केली. संसदेने मात्र मूळ व्याख्या बदललेली नाही.

मग न्यायालयांनीच वाट काढण्याचा प्रयत्न केला. सहारा प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, खटल्याच्या न्याय्यतेला खराखुरा व मोठा धोका असेल तर ठरावीक काळापुरते वृत्तांकन लांबणीवर टाकण्याचा आदेश देता येईल, असे सांगितले. जून २०२० मध्ये मुंबईत एका तरुण चित्रपट अभिनेत्याचा मृत्यू झाला. त्यानंतर काही वाहिन्यांनी त्याच्या मैत्रिणीविरुद्ध जी मोहीम चालविली, ती मुंबई उच्च न्यायालयापुढे गेली. अर्जदारांत महाराष्ट्राचे निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारीही होते, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे. १८ जानेवारी २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने दिलेल्या निकालात, तपास चालू असताना चालविलेला असा समांतर खटला हा न्यायदानातील हस्तक्षेपच होय, असे म्हटले. साक्षीदारांच्या मुलाखती घेणे, गुन्ह्याचे प्रसंग उभे करून दाखविणे, पोलिसांसमोरील कबुली ग्राह्य पुरावा असल्यासारखी प्रसिद्ध करणे, ओळख पटेल अशी आरोपीची छायाचित्रे छापणे, या गोष्टी टाळाव्यात असे मार्गदर्शन त्यात आहे. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. मोहिमेला जेवढा वेळ व जेवढा आवाज मिळाला होता, त्याच्या शतांशानेही या अहवालाच्या वाट्याला आला नाही.

बातमीचा खर्च कोणाच्या माथी?

हे असे का होते, याचे उत्तर पत्रकारांच्या नीतिमत्तेत शोधण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा ते बातमीच्या व्यवहारात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. दुष्काळी भागातील पाण्याच्या वाटपावर, एखाद्या सहकारी बँकेच्या ताळेबंदावर किंवा शाळांतील गळतीवर चांगली बातमी लिहावयाची तर वार्ताहराला आठवडेच्या आठवडे हिंडावे लागते. गुन्ह्याची बातमी पोलीस ठाण्यातून जवळजवळ फुकट मिळते. तिला मागणी मोठी, उत्पादनखर्च नगण्य आणि टिकण्याचा काळ फार थोडा. आज छापली नाही तर उद्या ती स्पर्धक छापणार, म्हणून तपासून पाहण्यास कोणी थांबत नाही. दूरचित्रवाणीने हा काळ दिवसावरून तासावर आणला आणि हातातील फोनने तो मिनिटावर आणला.

एखादा साखर कारखाना मळीमिश्रित पाणी नदीत सोडतो, तेव्हा कारखान्याच्या हिशेबवहीत त्याचा खर्च कोठेही दिसत नाही. तो खर्च खालच्या गावातील शेतकरी आपल्या नासलेल्या विहिरीच्या रूपाने भरतो. बातमीचेही तसेच आहे. चुकीच्या किंवा उतावळ्या बातमीची किंमत वृत्तपत्र देत नाही, वाचकही देत नाही. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या मुलीचे लग्न मोडले, ज्याला गावात घर मिळेनासे झाले, तो आरोपी ती देतो. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते. सुटकेची बातमी सहा-सात वर्षांनी, आलीच तर, आतल्या पानावर चार ओळींत येते. अब्रुनुकसानीचा दावा लावण्याइतका पैसा व आयुष्य फारच थोड्यांच्या हाती असते.

भारतातील तुरुंगांत ३१ डिसेंबर २०२२ रोजी ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे शेकडा ७५ हून अधिक, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरील गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. यांतील बहुतेकांची नावे कधी ठळक मथळ्यात आली नसतील. पण जिल्ह्याच्या पानावर दोन इंचांत आलेली बातमीही तालुक्याच्या गावात माणसाला आयुष्यभर पुरते. अटक म्हणजेच अपराध, ही समजूत एकदा मुरली की कच्चा कैदी वर्षानुवर्षे आत का, हा प्रश्नही कोणाला पडत नाही.

वृत्तपत्राचे दुसरे रूप

येथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पुरतेपणी ऐकले पाहिजे, कारण ते वजनदार आहे. वृत्तपत्रांनी तोंड बंद ठेवले असते तर सत्तेच्या व पैशाच्या आश्रयाने किती गुन्हे दडपले गेले असते, याची गणती नाही. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे सडणाऱ्या कच्च्या कैद्यांविषयी के. एफ. रुस्तमजी यांनी १९७९ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिले. त्या लेखांवरूनच हुसेनआरा खातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि शीघ्र खटल्याचा हक्क प्रस्थापित झाला. भागलपूरच्या तुरुंगातील कैद्यांचे डोळे फोडले गेल्याची हकीकत १९८० साली वृत्तपत्रांनीच उजेडात आणली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, तेव्हा कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यावर देशभर चर्चा झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. दिल्लीतील जेसिका लाल खून प्रकरणात २००६ साली आरोपी सुटल्यावर उठलेल्या आवाजाविना अपिलाला तो वेग आला असता की नाही, याची शंकाच आहे.

पण ही उदाहरणे नीट पाहिली तर त्यांतून वेगळाच बोध होतो. रुस्तमजींनी कोणाला अपराधी ठरविले नव्हते. ज्यांचा खटलाच चालत नव्हता त्यांचा खटला चालवा, असे त्यांचे म्हणणे होते. भागलपूरच्या बातम्यांनी सत्तेने लपविलेली वस्तुस्थिती उघड केली. खुले पत्र निकाल लागल्यानंतर निकालाच्या तर्कावर लिहिले गेले. या तिन्ही ठिकाणी वृत्तपत्र न्यायालयाच्या जागी बसले नाही. न्यायालयाने व शासनाने आपले काम करावे असा आग्रह त्याने धरला. जेसिका लाल प्रकरणात २०१० साली शिक्षा कायम करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानेच त्याच निकालपत्रात माध्यमांच्या समांतर खटल्याविषयी इशाराही दिला आहे. व्यवस्थेची झडती घेणे आणि माणसाला दोषी ठरविणे यांत भेद आहे, आणि या लेखातील सारा आग्रह त्या भेदापुरताच आहे.

काय करता येईल?

इतर देशांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९५४ साली डॉ. सॅम शेपर्ड यांना पत्नीच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. त्यांना अटक का होत नाही असे वृत्तपत्रे विचारत होती. ज्युरीतील व्यक्तींची नावे व पत्तेही छापले गेले होते. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि फेरखटल्यात शेपर्ड निर्दोष ठरले. तेथील न्यायालयाने वृत्तपत्रांवर बंदी घातली नाही. आपल्या न्यायालयातील वातावरण ताब्यात न ठेवल्याचा ठपका खालच्या न्यायाधीशावर ठेवला. इंग्लंडने दुसरा मार्ग पत्करला. तेथील १९८१ च्या कायद्यानुसार अटकेपासूनच निर्बंध सुरू होतात. ब्रिस्टल येथील एका तरुणीच्या खुनात पोलिसांनी तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, ताब्यात घेतले. वृत्तपत्रांनी त्याला विक्षिप्त व भयंकर ठरविले. पुढे खरा गुन्हेगार दुसराच निघाला. २०११ साली दोन वृत्तपत्रांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड झाला आणि आठ वृत्तपत्रांना अब्रुनुकसानीची भरपाई द्यावी लागली. नुकसान कोणी केले त्याने ते भरावे, एवढे साधे तत्त्व तेथे लागू झाले.

भारताला यातून काही गोष्टी सहज घेता येतील. पहिली म्हणजे अवमान कायद्यातील व्याख्या बदलून अटकेच्या दिवसापासून आरोपीला संरक्षण देणे. दुसरी, पोलिसांच्या पत्रकार परिषदांना शिस्त लावणे. बातमीचा उगमच तेथे असल्याने केवळ वृत्तपत्रांना दोष देऊन भागणार नाही. पोलिसांनी माध्यमांना काय व किती सांगावे याचे नियम तयार करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृहखात्याला दिला. हे नियम कागदावर न राहता प्रत्येक ठाणेदाराच्या टेबलापर्यंत पोहोचले पाहिजेत. तिसरी गोष्ट तर कायद्याविनाही करता येईल. ज्या वृत्तपत्राने अटकेची बातमी जेथे व जेवढी छापली, त्याने सुटकेची बातमी तेथेच व तेवढीच छापावी. यासाठी जिल्हा न्यायालयात नियमित बसणारा वार्ताहर हवा. पोलीस ठाण्याच्या बातमीला रोज माणूस असतो, निकालाच्या दिवशी मात्र बाक रिकामा असतो.

असा संयम अशक्य आहे, स्पर्धेत तो टिकणार नाही, असे म्हटले जाईल. परंतु बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव छापू नये, हा नियम १९८३ च्या दुरुस्तीने आला आणि त्याचे भंग झाले तरी सर्वसाधारणपणे तो पाळला जातो. नाव न छापल्याने कोणत्याही वृत्तपत्राचा खप घटल्याचे ऐकिवात नाही. स्पर्धक सारेच जेव्हा एका नियमाने बांधलेले असतात, तेव्हा त्या नियमाचा तोटा एकट्या कोणाला होत नाही.

शेवटी वाचकाचाही यात वाटा आहे. पंचवीस पैशांच्या अंकाला दोन रुपये मोजणारे हात करंजियांचे नव्हते. शाळेत, कचेरीत, चाळीच्या गॅलरीत उद्या सकाळी एखाद्या अटकेची बातमी वाचली जाईल आणि ‘यानेच केले असणार’ असे कोणी तरी म्हणेल. त्या वेळी ‘कशावरून?’ असे विचारणारा एक जण तेथे असला पाहिजे. पुरावा मागण्याची ही सवय ज्या समाजाला नाही, त्याला न्यायालये कितीही चांगली मिळाली तरी न्याय मिळण्याची शाश्वती नाही.